निर्जंतुक मातीतले हिरवे ठिपके : जिवंत जिवाणू पाहण्याच्या एका प्रयत्नाचा प्रकरण अभ्यास

बॅसिलस सबटिलिस हा मातीत सर्वत्र आढळणारा, दांडीच्या आकाराचा जिवाणू आहे. त्याची लांबी साधारण २ ते ४ मायक्रोमीटर असते आणि जाडी एका मायक्रोमीटरच्या आसपास. या जिवाणूचा एक वाण आम्ही पोयट्याच्या मातीत मिसळला होता. ती माती निर्जंतुक केलेली नव्हती, म्हणजे तिच्यातले मूळचे सूक्ष्मजीव शाबूत होते. ठरावीक दिवसांनी तिचा थोडा अंश पाण्यात विरल करायचा, पोषक आगरावर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीवर, पसरायचा आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या, असा क्रम चालू होता. पहिल्या काही दिवसांत आकडा घसरला, पण नंतर तो आठवडेच्या आठवडे जवळजवळ स्थिर राहिला. जिवाणू मातीत रुळला, असा त्याचा अर्थ आमच्यापैकी बहुतेकांनी लावला, आणि अहवालाच्या पहिल्या मसुद्यात तसे वाक्यही लिहिले गेले.

त्या वाक्यावर शंका घेण्याचे कारण जिवाणूच्या स्वभावातच आहे. अन्न संपले की बॅसिलस सबटिलिस बीजाणू तयार करतो. बीजाणू ही जाड कवचातली, चयापचय जवळजवळ थांबलेली अवस्था असते, आणि तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहू शकतो. आगराच्या थाळीवर त्याला भरपूर अन्न आणि ओल मिळते, तो अंकुरतो आणि त्याची वसाहत दिसू लागते. थाळी आधी झोपलेल्यांना उठवते आणि मग जागे किती ते मोजते, असेच म्हणावे लागेल. यावर जुना आणि सोपा तोडगा आहे. तोच नमुना ८० अंश सेल्सियसला १० मिनिटे तापवला की वाढत्या अवस्थेतल्या पेशी मरतात आणि बीजाणू वाचतात. आम्ही तसे केले, तेव्हा तापवलेल्या आणि न तापवलेल्या नमुन्यांचे आकडे इतके जवळ आले की त्यांच्यातला फरक मोजणीच्या चुकीतच हरवून गेला.

म्हणजे बहुसंख्य जिवाणू बीजाणूरूपात होते, इतके ठरले. पण थोडे तरी जागे असतील का, आणि असतील तर मातीत नेमके कुठे, याचे उत्तर या पद्धतीत नाही. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान संख्या शोधणे मुळातच कच्चे काम आहे. शिवाय एक ग्रॅम माती पाण्यात घुसळली की कुठे हा प्रश्नच पुसला जातो. मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी ते अब्जावधी जिवाणू असतात, तरी कणांच्या एकूण पृष्ठभागाचा एक टक्काही ते व्यापत नाहीत. ते झुबक्यांनी, खाचाखोचांत, कुजत्या तंतूंच्या कडेने राहतात. जागा कळायची तर माती न मोडता पाहायला हवी होती, आणि अवस्था कळायची तर जिवंतपणी पाहायला हवी होती. म्हणून आम्ही सूक्ष्मदर्शकाकडे वळलो.

पहिला प्रयत्न : हिरव्या खुणेचा वाण

वाणात हिरव्या प्रतिदीप्त प्रथिनाचे जनुक घातलेले होते. हे प्रथिन निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश परत सोडते. ४८८ नॅनोमीटरचा लेझर टाकायचा आणि ५०९ नॅनोमीटरच्या आसपास येणारा प्रकाश टिपायचा, ही प्रयोगशाळांमधली रुळलेली रीत आहे. यंत्र कॉन्फोकल होते. त्यात केंद्रप्रतलाबाहेरचा प्रकाश बारीक छिद्राने अडवला जातो, त्यामुळे नमुन्याचे एकेक पातळ प्रतल वेगळे पाहता येते. भिंग तेलातले, १.४ संख्यात्मक छिद्राचे होते; भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते ते ही संख्या सांगते. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलेल्या मर्यादेप्रमाणे तरंगलांबीला या संख्येच्या दुपटीने भागले की सुमारे १८० नॅनोमीटर येतात. दोन बिंदू त्याहून जवळ असतील तर ते वेगळे दिसणार नाहीत. जिवाणू याच्या अनेक पट मोठा असल्याने विभेदनक्षमतेची चिंता आम्हाला नव्हती.

अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. असे भिंग आच्छादन काचेच्या पलीकडे फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच केंद्रित होऊ शकते, आणि वाळूचा मध्यम कण त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्यातही तेवढ्या खोलीपर्यंत प्रकाश सरळ पोचत नाही. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, हवेचा १.००, क्वार्ट्झचा सुमारे १.५५, आणि मातीत या तिघांच्या सीमा दर काही मायक्रोमीटरला बदलतात. प्रत्येक सीमेवर प्रकाश वळतो किंवा विखुरतो. त्यामुळे आम्हाला प्रत्यक्षात काचेला चिकटलेल्या कणांचा काचेकडचा भाग तेवढा दिसत होता, आणि माती आतून पाहणे हा शब्दप्रयोग तिथेच सोडून द्यावा लागला.

तरीही चित्र आशादायक वाटले. काळ्या पार्श्वभूमीवर एक ते तीन मायक्रोमीटर लांबीचे असंख्य हिरवे ठिपके होते, काही लांबट, काही गोल, काही जोडीने. एका सहकाऱ्याने त्यांची मोजणीही सुरू केली.

तुलनेचा नमुना

त्या संध्याकाळी केवळ नियम म्हणून तुलनेचे तीन नमुने लावले. पहिल्यात हीच माती होती, पण वाण न मिसळलेली. दुसऱ्यात खूण नसलेला मूळ वाण मिसळलेली माती. तिसऱ्यात १२१ अंशांच्या वाफेत लागोपाठ तीन दिवस निर्जंतुक केलेली माती, जिच्यातून आगरावर काहीही उगवत नव्हते.

तिन्हींमध्ये हिरवे ठिपके होते. निर्जंतुक मातीत ते सर्वांत जास्त होते.

या प्रकरणात आम्ही जे काही शिकलो त्याचा मोठा भाग या एका चित्रात आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ह्यूमस (कुजून उरलेला गडद सेंद्रिय पदार्थ), वनस्पतींच्या पेशीभित्तीतले लिग्निन आणि सेल्युलोज, शैवालांचे अवशेष आणि कॅल्साइटसारखी काही खनिजे स्वतःच प्रतिदीप्ती दाखवतात. निळ्या प्रकाशाला ह्यूमसचा प्रतिसाद हिरव्या पट्ट्यात रुंद पसरतो, आणि आमच्या प्रथिनाचा प्रकाश त्याच पट्ट्यात येत होता. चिकणमातीचे कण व्याख्येनेच २ मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात, म्हणजे नेमके जिवाणूच्या मापाचे. त्यांच्यावर सेंद्रिय पदार्थाचा लेप बसला की आकार, माप आणि रंग या तिन्ही कसोट्यांवर तो कण जिवाणू ठरतो. वाफेने सेंद्रिय पदार्थाचे रसायनही बदलते, त्यामुळे निर्जंतुक मातीतली वाढीव चमक हा काही अंशी आम्हीच निर्माण केलेला दोष होता. ही हरकत योग्य आहे आणि ती आम्ही नोंदवली. ज्यांना परवडते त्यांनी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली माती वापरावी, तिच्यात हा बदल कमी होतो. पण वाण न मिसळलेल्या मातीला ही हरकत लागू होत नाही, आणि ठिपके तिच्यातही होतेच.

उलट बाजूची चूकही संभवते. हिरव्या प्रथिनाचा प्रकाश देणारा भाग तयार व्हायला ऑक्सिजन लागतो. ओल्या मातीच्या गुठळीत काही मिलिमीटर आत ऑक्सिजन संपलेला असू शकतो, आणि तिथली पेशी जिवंत असूनही अंधारी राहील. म्हणजे जे चमकते ते जिवाणू असेलच असे नाही, आणि जिवाणू चमकेलच असेही नाही.

मग खूण बदलली. तांबडे प्रथिन असलेला वाण घेतला. त्याला ५६१ नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि त्याचा प्रकाश ६१० च्या आसपास येतो. त्या पट्ट्यात मातीची स्वतःची चमक बरीच कमी असते. प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण वर्णपट घेऊन तो शुद्ध पेशींच्या वर्णपटाशी ताडून पाहण्याची पद्धतही लावली. ठिपके एकदम रोडावले आणि जे उरले ते विश्वासार्ह होते.

जिवंत-मृत रंजकांबद्दल

दरम्यान कोणीतरी सुचवले म्हणून नेहमीची रंजकजोडीही वापरून पाहिली. सायटो ९ सर्व पेशींत शिरते, आणि प्रोपिडियम आयोडाइड फक्त बाहेरचे पटल फाटलेल्या पेशींत, म्हणून हिरवी पेशी जिवंत आणि तांबडी मृत असे वाचायचे. द्रव माध्यमातल्या पेशींसाठी ही जोडी चांगली आहे. मातीत मात्र हे रंजक डीएनएला चिकटतात तसे चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थालाही चिकटतात. पेशीबाहेर पडलेला डीएनएही रंगतो, आणि तो थोडाथोडका नसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएपैकी सरासरी सुमारे ४० टक्के डीएनए पेशीबाहेरचा किंवा शाबूत नसलेल्या पेशींचा असल्याचे दिसले होते. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तर याहून मोठा दोष होता. बीजाणूच्या कवचातून यातले कोणतेच रंजक नीट आत जात नाही. ज्या अवस्थेचा शोध घ्यायचा होता तिच्याबद्दल ही जोडी गप्पच होती.

यातून एक गोष्ट लक्षात आली. जिवंत हा एकच शब्द आम्ही तीन अर्थांनी वापरत होतो: पटल शाबूत असलेली पेशी, पुढे कधीतरी अंकुरू शकणारा बीजाणू, आणि आत्ता या क्षणी काही करत असलेली पेशी. थाळी दुसरा आणि तिसरा अर्थ एकत्र मोजते, रंजक पहिला. आम्हाला हवा होता तिसरा.

अतिविभेदनाचा मोह

याच सुमारास अतिविभेदन सूक्ष्मदर्शक काही दिवस वापरायची संधी मिळाली. आबे यांची मर्यादा ओलांडणाऱ्या या तंत्रांसाठी एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आहे. रचित प्रकाशाच्या पद्धतीने साधारण १०० नॅनोमीटर, दुसऱ्या लेझरने चमकता ठिपका कडेने विझवून लहान करणाऱ्या स्टेड पद्धतीने ५० किंवा त्याहून कमी, आणि एकेक रेणू टिपणाऱ्या पद्धतींनी २० ते ३० नॅनोमीटर विभेदन साधते. संधी सोडवली नाही, हे कबूल केले पाहिजे.

मिळालेली चित्रे देखणी होती आणि आमच्या कामाची नव्हती. रचित प्रकाशाच्या पद्धतीत नमुन्यावर प्रकाशाचे बारीक पट्टे पाडून त्यांच्या सरकण्यातून सूक्ष्म तपशील गणिताने काढला जातो. मातीत ते पट्टेच वेडेवाकडे होत होते, त्यामुळे गणिताने नसलेली जाळी रंगवली. स्टेडला जो तीव्र प्रकाश लागतो त्याने शेजारचा गडद सेंद्रिय कण तापला आणि आसपासचे पाणी उकळून बुडबुडा आला. एकेक रेणू टिपणाऱ्या पद्धतीला एका चित्रासाठी हजारो चौकटी लागतात, आणि तेवढ्या वेळात पोहणारी पेशी दृश्यक्षेत्राबाहेर गेलेली असते. पेशीच्या आतले प्रथिन कुठे बसते हा प्रश्न असता तर या यंत्रांना पर्याय नव्हता. आमचा प्रश्न पेशी जागी आहे का हा होता, आणि तिथे उणीव नॅनोमीटरची नव्हती.

मातीऐवजी काय

अपारदर्शकतेवर दोन मार्ग होते. पहिला पारदर्शक माती. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ही कल्पना मांडली. इंधन घटांच्या पटलात वापरल्या जाणाऱ्या नॅफिऑन या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण करायचे आणि मधल्या पोकळ्यांत त्याच्याच अपवर्तनांकाचा द्रव भरायचा. नॅफिऑनचा अपवर्तनांक सुमारे १.३४, पाण्याच्या अगदी जवळचा, त्यामुळे सीमा जवळजवळ नाहीशा होतात आणि प्रकाश खोलवर सरळ जातो. त्यांनी या मातीत लेट्यूसच्या मुळावर बसलेले, हिरवी खूण असलेले ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या रोगकारक प्रकाराचे जिवाणू दाखवले होते. मुळांच्या अभ्यासाला ही रचना उत्तम आहे. आम्हाला मात्र तिची एक अट जाचक वाटली. माती पारदर्शक दिसायला सर्व पोकळ्या द्रवाने भरलेल्या असाव्या लागतात, आणि आमच्या मते जिवाणूची अवस्था ठरवणारी मुख्य गोष्ट होती ती मातीचे वाळणे. वाळू लागलेली पारदर्शक माती दुधाळ होते.

दुसरा मार्ग काचेच्या तळाच्या, मातीतल्या पोकळ्यांसारख्या बारीक वाहिन्या कोरलेल्या सिलिकोन रबराच्या चिपचा होता. निकोलाय खोलोदनी यांनी १९३० मध्ये काचपट्टी मातीत पुरून, काही आठवड्यांनी काढून तिच्यावर काय वाढले ते पाहण्याची पद्धत सांगितली होती. आजची चिप तिचीच नात म्हणता येईल, फरक इतकाच की ती बाहेर न काढता पाहता येते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये मातीला जोडलेल्या अशा चिपमध्ये बुरशी, जिवाणू आणि आदिजीव आपणहून शिरताना दाखवले. बुरशीचा तंतू पुढे सरकताना हवा आणि पाणी यांच्या सीमा मोडतो आणि पाण्यात राहणाऱ्या जिवांना वाट मोकळी होते, हे त्यात पाहायला मिळते.

आमच्या चिपच्या वाहिन्या सुमारे १० मायक्रोमीटर रुंदीच्या होत्या. कारण सरळ आहे. पाणी ओढून घेणाऱ्या ३० किलोपास्कल ताणाला, म्हणजे निचरा होऊन गेलेल्या पण अजून ओलसर मातीच्या स्थितीत, १० मायक्रोमीटरहून मोठ्या पोकळ्यांतले पाणी निघून जाते आणि लहान पोकळ्यांत ते टिकते. ही सीमा आम्हाला दृश्यक्षेत्रात हवी होती. हे गणित पाण्याने नीट भिजणाऱ्या पृष्ठभागाचे आहे, तर सिलिकोन रबर मुळात पाणी झटकणारे असते. प्लाझ्मा प्रक्रियेने, म्हणजे विद्युतभारित वायूचा मारा करून, ते जलस्नेही होते, पण कोरडे ठेवले तर काही दिवसांत पुन्हा पूर्ववत होते. पहिल्या चिप आम्ही कपाटात कोरड्या ठेवल्या आणि वापरताना प्रत्येक वाहिनीत हवा अडकून बसली. दोन आठवडे वाया गेले. त्यानंतरच्या चिप तयार होताच पाण्यात ठेवल्या.

हालचाल ही कसोटी

भिंग आता पाण्यातले, १.२ संख्यात्मक छिद्राचे घेतले. तांबड्या प्रकाशाला विभेदन सुमारे २५० नॅनोमीटर, म्हणजे पहिल्या यंत्रापेक्षा कमी. पण दर सेकंदाला अनेक चौकटी घेता आल्या, आणि त्यामुळे हालचाल पाहता आली.

हालचालीतही फसगत होते. पाण्यातला एक मायक्रोमीटर व्यासाचा कोणताही कण, मग तो मातीचा का असेना, रेणूंच्या धक्क्यांनी सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर इकडेतिकडे थरथरतो. नुसत्या डोळ्यांना ती थरथर सजीव वाटते. फरक अंतराच्या हिशेबात आहे. थरथरणाऱ्या कणाच्या विस्थापनाचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढतो, तर पोहणाऱ्या पेशीच्या विस्थापनाचा वर्ग, निदान तिची दिशा टिकते तोवर, काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रत्येक ठिपक्याचा माग काढून हा आलेख मांडला की दोन गट वेगळे पडतात. न पोहणारी पण वाढणारी पेशी यात सुटते, म्हणून त्याच जागेची चित्रे तासातासाने घेऊन लांबी वाढते का, विभाजन होते का, हेही पाहिले. बीजाणू ओळखायला तर प्रतिदीप्तीची गरजच पडली नाही, कारण साध्या कलाविरोधी (फेज कॉन्ट्रास्ट) सूक्ष्मदर्शकात, जो पारदर्शक वस्तूंतला फरक उजेड-अंधारात दाखवतो, ते लख्ख चमकतात. एवढी महागडी यंत्रे फिरून झाल्यावर हे जुने भिंग सर्वांत उपयोगी ठरले, याचे थोडे हसूही आले.

एक खबरदारी इथे नोंदवतो. सुरुवातीला दृश्यक्षेत्रातल्या पेशी काही मिनिटांतच मंदावत होत्या आणि आम्ही त्याचे कारण उपासमारीत शोधत होतो. मग लेझर न पडलेल्या शेजारच्या वाहिनीत पाहिले, तर तिथल्या पेशी व्यवस्थित पोहत होत्या. प्रकाशाने पेशीत घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि त्यांनी ती जायबंदी होते. निळ्या प्रकाशात हे अधिक घडते, पण तांबड्या खुणेच्या लेझरलाही सूट नाही. लेझरची तीव्रता कमी केली, चौकटींमधले अंतर वाढवले, आणि प्रत्येक निरीक्षणानंतर न उजळलेल्या शेजाऱ्याशी तुलना करणे बंधनकारक केले.

काय दिसले

मातीशी जोडलेल्या चिपमध्ये वाहिन्या पाण्याने भरलेल्या असताना वाणाच्या थोड्या पेशी पोहताना आणि विभागताना दिसल्या, आणि त्या जवळजवळ सर्व बुरशीच्या तंतूंच्या किंवा कुजत्या सेंद्रिय तुकड्यांच्या कडेला होत्या. तंतू किंवा तुकडे नसलेल्या मोकळ्या वाहिन्यांत मुख्यतः चमकदार बीजाणू होते. ताण वाढवून पाणी काढले तेव्हा उरलेले पाणी वाहिन्यांच्या कोपऱ्यांत आणि तंतूंभोवतीच्या पातळ थरात मागे हटले. कोपऱ्यातल्या पेशी जागच्या जागी अडकल्या, तर तंतूंवरच्या ओल्या थरात काही पेशी सरकत राहिल्या. पुढच्या दिवसांत अडकलेल्यांपैकी अनेकींच्या आत चमकदार बीजाणू तयार होताना दिसला. पुन्हा पाणी दिल्यावर अन्नाजवळचे काही बीजाणू अंकुरले, बाकीचे तसेच राहिले.

स्थिर आकड्याचा अर्थ यातून बदलला. थाळीवरच्या त्या सपाट रेषेखाली प्रामुख्याने झोपलेला साठा होता, आणि त्याच्या कडेने ओल आणि अन्न एकत्र येतील तिथे अल्पकाळ जागे होणारे छोटे गट. चिप म्हणजे माती नव्हे, हे अर्थातच खरे. तिच्यात भिंती गुळगुळीत आहेत, खोली एकसारखी आहे, आणि सिलिकोनमधून ऑक्सिजन सहज आत येतो, त्यामुळे ऑक्सिजन नसलेले कोपरे तिच्यात जवळजवळ नाहीतच. म्हणून चिपमधल्या जाग्या पेशींचे प्रमाण आम्ही मातीला लावले नाही. फक्त जागा आणि क्रम यांचे निरीक्षण दिले. अहवालातले जिवाणू मातीत रुळला हे वाक्य काढून, जिवाणू मातीत मुख्यतः बीजाणूरूपात टिकला, असे लिहिले आणि तापवलेल्या नमुन्यांचे आकडे त्याच पानावर शेजारी छापले.

न पोहणाऱ्या आणि न विभागणाऱ्या, पण चयापचय चालू असलेल्या पेशी या सर्वांतून सुटतात. त्यांच्यासाठी जड पाण्याची पद्धत आता लावत आहोत. जागी पेशी जड पाण्यातला ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, आपल्या नव्या मेदांत आणि प्रथिनांत घेते, आणि कार्बन-ड्युटेरियम बंधाची खूण रामन वर्णपटात (रेणूंच्या कंपनांमुळे बदलून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात) २०४० ते २३०० प्रति सेंटिमीटर या एरवी रिकाम्या असणाऱ्या पट्ट्यात उमटते. तिथेही ह्यूमसची चमक आडवी येतेच. म्हणून पहिला नमुना निर्जंतुक मातीचा आणि दुसरा वाण न मिसळलेल्या मातीचा लावला आहे. वाणाचा नमुना त्यानंतर.